घोडी पास, पोट्टी फेल

शालिककाकाजींना नमस्कार करायचा असेल तर हातात वेळ हवा. आपण 'जयभीम, काकाजी' म्हणून हात जोडायला जावं, तर ते जुळायच्या आत त्यातलं एक मनगट काकाजींच्या चिमटीत गेलेलं असतं. मग ते स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहतात. पूर्ण एक मिनिट. तेवढ्यात बोलायचं नाही, हलायचं नाही, घरात दूध उतू जात असलं तरी जाऊ द्यायचं. मिनिट झालं की हात सोडतात, आकडा सांगतात आणि मगच म्हणतात, "जयभीम. काय म्हनते?"

हे गृहस्थ डॉक्टर नाहीत, वैद्यही नाहीत. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. हा शब्द त्यांच्या नेमणुकीच्या कागदाबाहेर कोणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. सगळे त्यांना ड्रेसर म्हणत. उभी नोकरी गाईबैलांच्या जखमा धुण्यात, पट्ट्या बांधण्यात आणि डॉक्टर दौऱ्यावर असले की नाडी मोजून ठेवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर सावंगीला आमच्या लेआउटमधल्या शेवटच्या प्लॉटवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या. बायको आधीच गेलेली, मुलगा हैदराबादला. जनावरं सुटली, पण नाडी काही सुटली नाही. मग त्यांनी आम्हाला धरलं.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. पोस्टमन म्हणजे 'अडुसष्ट'. किराणा दुकानवाला 'शंभरवाला'. मी 'चौऱ्याऐंशी', आणि माझी मुलगी मैत्री 'ब्याण्णव'. "काऊन चौऱ्याऐंशी, ब्याण्णव शाळेतून आली नाई का अजून?" असं ते कुंपणावरून विचारत, तेव्हा नवीन भाडेकरूंना आमच्या घरात बसगाड्या उभ्या राहतात असं वाटे. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत दारात आला. काकाजींनी त्याचंही मनगट धरलं. मागे कार्यकर्ते ताटकळले, ढोलवाला थांबला. मिनिटाने काकाजी म्हणाले, "एकशे चार. निवडून यायच्या आधी झोप घेजो बाप्पा." तो पडला. पण झोपला असेल.

माझं आणि त्यांचं जमायचंही आणि खटकायचंही, कारण धंदा एकच. मी सोळा वर्षं नर्स आहे. वॉर्डात रोज तीस-चाळीस नाड्या मोजते, आणि कोणतीही नर्स मोजते तशी मोजते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. हे एकदा काकाजींना सांगून बसले.

"हे मोजनं नोहे," ते म्हणाले. "हा अंदाज होय."

"काकाजी, चाळीस पेशंट असते. एकेक मिनिट कुठून आनू?"

"मंग एकाले तरी पूर्ण मोज. त्याले वाटलं पायजे का कोनीतरी थांबलं."

मी हसले. घरी येऊन मैत्रीच्या पप्पांना नक्कल करूनही दाखवली.

काकाजींकडे एक घोडी आहे. आर्वीच्या एका बँडवाल्याने वरातीसाठी ठेवली होती. एका लग्नात तिने नवरदेवासकट मांडवात शिरून जेवणाची पंगत उठवली, तेव्हा त्याने ती विकायची ठरवली आणि काकाजींनी घेतली. पांढरी, ठेंगणी, शांत. खोड एकच. वाजंत्री ऐकू आली की जागच्या जागी नाचायची. कोणाच्या मोबाइलवर बँडचं गाणं वाजलं तरी पुढचे दोन पाय उचलायची. काकाजी तिला 'मॅडम' म्हणत. "मॅडम जेवली." "मॅडमचा आज मूड नाई." मला हे हळूच टोचायचं, हे आता कबूल करते. दवाखान्यात कालची आलेली डॉक्टर पोरगी 'मॅडम' असते आणि मी सोळा वर्षांनंतर 'ओ सिस्टर'. इकडे तर घोडीसुद्धा मॅडम होती.

मैत्री मॅडमवर बसायला शिकली ती काकाजींमुळे. तेव्हा ती तिसरीत होती. आधी अंगणात, मग लेआउटच्या मोकळ्या प्लॉटांवर, मग नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठाने. सुरुवातीला काकाजी पुढे लगाम धरून पायी, वर्षभरात लगाम पोरीच्या हातात. फेरी सुरू व्हायच्या आधी घोडीची नाडी, मग पोरीची. संपल्यावर पुन्हा दोघींची. मैत्रीला त्यात मोठा मान वाटायचा. घोडीवर ती माझ्या पोरीसारखी दिसायचीच नाही. पाठ ताठ, हनुवटी वर. दवाखान्यातून थकून येताना मी ते बघायची आणि माझीही पाठ ताठ व्हायची.

बिघडलं ते इथून.

ती चौथीत गेली त्या वर्षी आमच्या भागातल्या एका हौशी मंडळाने लांब पल्ल्याची घोडेस्वारी स्पर्धा ठेवली. मोठ्यांना चाळीस किलोमीटर, आणि आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी 'छोटा गट', चोवीस किलोमीटर. रस्ता पांदणीचा, शेतांमधून जाणारा. मध्ये बाराव्या किलोमीटरला थांबा, तिथे घोड्यांची तपासणी. मी अर्ज आणला, भरला आणि मग घरात सांगितलं.

मैत्रीचे पप्पा आर्वी डेपोला कंडक्टर आहेत. त्यांनी त्यांच्या खात्याची भाषा काढली. "बारा वर्साची होईपर्यंत एसटी तिले अर्धी मानते. तू तिले पूर्ण शर्यतीत काऊन पयवून राह्यली?"

"अर्धं तिकीट त आता माहंही हाय," मी म्हणाले. "म्हून मी ड्युटी अर्धी करतो का?"

वादात मी जिंकले की घरात फार शांतता पसरते.

काकाजींकडे मात्र तिकिटाचा मुद्दा नव्हता. ते म्हणाले, "चोवीस किलोमीटर पोट्टीनं नाई जायचं."

मी तयारीने गेले होते. मोठ्या शहरांतली मुलं अशा स्पर्धांत उतरतात. पोरी धीट होतात. मोबाइल सुटतो. आम्हाला लहानपणी साधी सायकल कोणी शिकवली नाही, आमच्या पोरींना तरी मोकळं जगू द्या. हे सगळं खरंच होतं. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण मी जे बोलले नाही तेही खरं होतं. स्टेजवर कप घेतलेल्या पोरीचा फोटो मला स्टेटसला ठेवायचा होता आणि वॉर्डातल्या सगळ्या मॅडमनी तो बघायला हवा होता.

काकाजींनी ऐकून घेतलं. "घोडी थकली त सांगते," ते म्हणाले. "कान पाडते, पाय घासते, थांबून जाते. पोट्टं नाई सांगत. पोट्टं मायच्या तोंडाकडं पायते. माय खूश, त पोट्टं म्हनते मी बी खूश."

"माही मैत्री सांगते. नर्सची पोरगी होय ते."

शेवटी मैत्रीनेच त्यांना "आबाजी, जाऊ द्या ना" म्हणून पटवलं. तिला ते नाही म्हणू शकत नसत. त्यांनी एकच अट घातली. "मधातल्या थांब्यावर मी राहीन." मंडळालाही नाड्या मोजायला अनुभवी माणूस हवाच होता. तिथल्या पशुवैद्य डॉक्टरांच्या हाताखाली त्यांना खुर्ची मिळाली.

मार्चमधला रविवार. स्पर्धा सकाळी सातला होती. प्रमुख पाहुणे साडेनऊला आले आणि तरुणांनी वेळ कशी पाळावी यावर बोलले. तोवर ऊन चढलं होतं. मैत्रीच्या अंगात काळा कोट होता. तो मी फोटोसाठी मागवला होता. जाड, सोनेरी बटणांचा. "आई, गरम होते," ती म्हणाली. मी म्हणाले, "घोडी पयाली का हवा लागते."

झेंडा पडला आणि मंडळाने हौसेने बोलावलेला बँड सुरू झाला. बाकीची अकरा घोडी सुटली. मॅडम जागेवर नाचायला लागली. दोन पाय उचलून, मान वेळावून, अगदी नवरदेव पाठीवर असल्यासारखी. लोक टाळ्या वाजवू लागले. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग घेतलं. मी बँडवाल्यांच्या अंगावर धावून गेले, "बंद करा! बंद करा ना!" ते त्यांना ऐकू जाईना, कारण ते चांगलं वाजवत होते. कसाबसा बँड थांबला तेव्हा पुढची घोडी पांदणीच्या वळणाआड गेली होती. लोक हसत होते आणि मैत्री माझ्याकडे बघत होती.

आज आठवतं, ती खरंच माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि माझ्या तोंडावर काय होतं तेही मला आठवतं. मी ओरडले, "पयव! पयव तिले!"

मी स्पर्धेला आलेल्या माझ्या भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून थांब्यावर आधीच पोचले. मैत्री आली ती आठ जणांना मागे टाकून, चौथी. मी उड्या मारल्या. घोडीच्या अंगावर फेस होता. पोरीचं तोंड लाल होतं. ऊन आहे, होणारच, असं मला वाटलं. हे एका नर्सला वाटलं.

थांब्याचा नियम सोपा होता. वीस मिनिटांत घोड्याची नाडी चौसष्टच्या खाली यायला हवी, नाहीतर बाद. म्हणून घोडं आलं की घरची माणसं त्याच्या मानेवर, पायांवर पाणी ओततात. मी ओतायला लागले. काकाजींनी मोजलं, "अठ्ठ्याहत्तर." आमचे दोन्ही कॅन संपले. "सत्तर." मी शेजारच्यांची अर्धी बादली मागून आणली. "सदुसष्ट." चार मिनिटं उरली होती आणि तीन नंबरची घोडी पास होऊन निघत होती. माझ्या खांद्याला मैत्रीची पाण्याची बाटली होती. लिंबू, साखर, मीठ घालून मी स्वतः सकाळी भरलेली.

ती मी घोडीच्या मानेवर ओतली.

मैत्री दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ते पाणी बघितलं. घोडीच्या मानेवरून खाली मातीत जाईपर्यंत बघितलं. मी तिला म्हणाले, "आता पास होते पाह्य!" आणि ती हसली.

काकाजींनी पुन्हा कानात स्टेथोस्कोपची नळी घातली, घड्याळ बघितलं. पूर्ण एक मिनिट. मग उभे राहिले. "बासष्ट. घोडी पास." मी मैत्रीला उचलून घोडीवर बसवायला वाकले, तेवढ्यात त्यांनी तिचं मनगट धरलं.

"काकाजी, टाइम नाई!"

ते घड्याळाकडे बघत राहिले. मी त्यांचा हात ओढला, तो हलला नाही. मिनिट संपल्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे चौसष्ट. अन् कातडं कोरडं हाय, घाम बंद झाला. पोट्टी फेल."

पशुवैद्य डॉक्टर गडबडले. मुलांची नाडी बघायचा नियमच पुस्तकात नव्हता. मी ते पकडलं. नियम दाखवा म्हणाले, आवाज चढवला. काकाजी म्हणाले, "नियम मले मालूम नाई. घोडी माही हाय. मी घरी घेऊन चाललो."

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला हात पुढे येत नाही. पण लिहायलाच हवं. तीस-चाळीस माणसांसमोर मी म्हणाले, "तुम्ही जनावराईचे ड्रेसर. मानसाचं तुमाले काय समजते?"

हे वाक्य माझं नव्हतं. थोड्या वेगळ्या शब्दांत मी ते आठवड्यातून एकदा तरी ऐकते. 'सिस्टर, तुम्ही डॉक्टर नाही.' कुठे लागतं ते मला नेमकं ठाऊक होतं, म्हणून नेमकं तिथेच मारलं.

काकाजींनी मैत्रीच्या कोटाची सोनेरी बटणं एकेक करून काढली. आतला शर्ट कोरडा, अंग तापलेलं. तिसऱ्या बटणाला तिने मान टाकली आणि त्यांच्या पायावर ओकली.

मग मात्र माझ्यातली नर्स जागी झाली. सावली, ओला रुमाल, घोटघोट पाणी. पाणी दुसऱ्यांकडून मागावं लागलं, आमचं सगळं घोडीवर संपलं होतं. तासाभराने मैत्री उठून बसली. काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे मी घरी, माहेरी, वॉर्डात इतक्या वेळा सांगितलं, की ऐकणारेच म्हणू लागले, अगं हो, झालं नाही ना.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, "तहान लागली होती त सांगतलं काऊन नाई?"

ती भात चिवडत म्हणाली, "तू मॅडमले पानी देऊन राह्यली होती ना. तू किती खूश होती."

मैत्रीच्या पप्पांनी ताटावरून वर बघितलंसुद्धा नाही. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी काकाजी रस्त्यात भेटले. मी मनगट पुढे केलं, सवयीनेच. त्यांनी दोन्ही हात जोडले, "जयभीम," म्हणाले आणि पुढे गेले. ना आकडा, ना चौऱ्याऐंशी. तिसऱ्या दिवशीही तेच. वर्षानुवर्षं ज्या मिनिटाला मी कंटाळत होते ते बंद झालं आणि मला रस्त्यात उभं राहायची लाज वाटू लागली. लेआउटमधले बाकीचे लोक मनगट धरून उभे दिसायचे. मला मात्र कोऱ्या नमस्कारावर पाठवलं जात होतं. माफी मागायला मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि दोनदा कढीपत्ता मागून परत आले. आमच्या दारात कढीपत्त्याचं झाड आहे.

मैत्री मात्र रोज जायची. स्पर्धेनंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी धीर करून झुणका-भाकरीचा डबा घेतला आणि निघाले. तबेल्यामागे आवाज ऐकून थांबले.

"मोठ्यानं म्हन," काकाजी म्हणत होते. "मी थकली."

"मी थकली," मैत्री पुटपुटली.

"मॅडमले ऐकू नाई आलं."

"मी थकली."

"हे त मलेबी नाई आलं. कोनी खूश असो का नाराज असो, थकली त थकली म्हनायचं. मी तुयापेक्षा लहान होतो, आठ वर्साचा. मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या घोड्यावर बसवलं होतं मले. आंग हलकं म्हून. आर्वीपासून नदीपर्यंत अन् वापस. जिंकलो. घोड्याचे पाय चौघांनी चोळले, गूळ चारला. बापाले फेटा भेटला. बाप असा हासत होता, का मी तीन दिवस बसू शकलो नाई तरी कोनाले सांगतलं नाई. मंग मी पक्कं केलं, का ज्याले बोलता येत नाई त्याची नाडी आपून पायची. चाल, म्हन."

"मी थकली!" मैत्री इतक्या जोरात ओरडली की मॅडमने कान टवकारले. दोघं हसले.

"आता तुमची पाळी," मैत्री म्हणाली.

"माही कायची पाळी?"

"तुमी बी म्हना ना, आबाजी."

"मी कोनाले सांगू वं?"

"मॅडमले सांगा."

मी भिंतीआडून डोकावले. काकाजींनी घोडीच्या मानेवर कपाळ टेकवलं होतं. तिथेच, जिथे मी बाटली ओतली होती. मग ते इतक्या हळू बोलले, की पोरीला कदाचित ऐकूही गेलं नसेल.

"मी बी थकलो ना वं," ते म्हणाले. "एकटा लय थकलो."

माझ्या हातातला डबा वाजला. त्यांनी वळून बघितलं आणि पटकन हात जोडायला घेतले. ते जुळायच्या आत मी त्यातलं एक मनगट धरलं.

"काकाजी, चुकलं माहं," मी म्हणाले. "मी तुमाले लय वाईट बोलली."

मी घड्याळ बघायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्या लेआउटची नाडी बघितली होती. त्यांची कोणी बघितली असेल असं मला आठवेना. त्यांच्या शेजारी एक नर्स राहत होती, तिनेही कधी बघितली नव्हती.

"झाले पंधरा सेकंद," थोड्या वेळाने ते म्हणाले. "गुन चारनं."

"थांबा ना, काकाजी. पूर्ण मोजतो."

चाळीसच्या पुढे कुठेतरी मला घड्याळातले काटे नीट दिसेनात आणि आकडा चुकला. सोळा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. काकाजींनी हात काढून घेतला नाही.